चौथा तुकडा

सोमवार, २७ जानेवारी. उणे १४ फॅरनहाइट. वारा वायव्येकडून.

एकतीस वर्षं काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली आणि रोजची नोंद ठेवली: तारीख, तापमान, वारा, मैल, निसरड्या रस्त्यावर वाळू किती टाकली. निवृत्त झालो तेव्हा खिशात मावणाऱ्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा उरला होता, तो घरी आणला. आज त्यातली एक उघडली. आता हिच्यात मी काय खाल्लं ते लिहायचं. माणसावर काय काय वेळ येते!

क्लच दाबून दाबून डावा गुडघा संपला. सर्जन म्हणतो, २२ एप्रिलला नवा बसवतो, पण ७ एप्रिलला काट्यावर २६२ पौंडांच्या खाली दिसलं पाहिजे. आज भरलो २८१. शिवाय हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठून दाखवायचं. नाही जमलं तर माझी तारीख दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

मग आहारवालीकडे पाठवलं. नाव कियर्स्टन, वय आमच्या लेकीपेक्षा, जोलिनपेक्षा, बरंच कमी, पण बोलणं फोरमनसारखं. "मिस्टर नेसेट, उपाशी राहून वजन उतरवलंत तर चरबीबरोबर मांसही जाईल. मग नवा गुडघा उचलणार कोण? तुम्हाला दिवसाला शंभर ग्रॅम प्रोटीन हवं. तीन जेवणांत वाटून. एका अंड्यात सहा, तळहाताएवढ्या चिकनच्या तुकड्यात सव्वीस. सगळं लिहून आणा."

मी म्हणालो, आणेन. मला गुडघा बर्फात नाचायला नको आहे. चौदा पायऱ्या चढायला हवा आहे. सप्टेंबरपासून मी खाली आरामखुर्चीत झोपतो आणि मार्डेल वर एकटी. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. हे कियर्स्टनला सांगितलं नाही, पण वही माझी आहे.

गुरुवार, ३० जानेवारी. उणे २१.

भूक. दुसरं काही सुचत नाही. सकाळी पेट्रोल पंपावर ड्युएनबरोबर कॉफी घ्यायला गेलो. तो माझ्यासमोर कॅरमल रोल खात होता, बोटं चाटत. म्हणाला, "ऑरिन, तू नुसता बघतोयस तरी तुझं वजन वाढतंय." चाळीस वर्षांचा मित्र, म्हणून हात उचलला नाही. घरी येऊन उगाच गॅरेजमध्ये जाऊन हत्यारं लावली, मग परत काढली.

सकाळी अंडी घशाखाली उतरत नाहीत. दुपारी कॉटेज चीजचे चार चमचे, तेही नाक धरून. म्हणजे सगळा हिशेब संध्याकाळवर येतो. मार्डेल लग्नापासून तव्यावर चिकनचे चार तुकडे टाकते: दोन तिचे, दोन माझे. आज माझे दोन संपले आणि बेरीज केली तर एकोणऐंशी. एकवीस कमी. तिने एक खाल्ला होता, एक तव्यातच होता.

विचारलं, "तुला हवाय?"

"नको. माझं भागलं."

घेतला. मा.चा तुकडा, २६. एकूण १०५. पहिल्यांदा शंभर गाठले.

आमच्याकडे लोक तीनदा नको म्हटल्याशिवाय काही घेत नाहीत. चर्चमध्ये कॉफी ओतणारी बाई किटली घेऊन तिसऱ्यांदा फिरते तेव्हा कुठे कप पुढे येतात. पण ते बाहेरच्यांसाठी. घरातल्या घरात कसली आलीय रीत? घरात नको म्हणजे नको.

शनिवार, ८ फेब्रुवारी. उणे ३. सात इंच बर्फ.

२७७. चार पौंड गेले. पँटचा पट्टा एक भोक आत.

बर्फ पडलं की मला घरात बसवत नाही. सकाळपासून या खिडकीतून त्या खिडकीत. नवा पोरगा गाडी चालवतो तो कोपऱ्यावर फाळ उशिरा उचलतो आणि सगळा ढीग आमच्या दारात टाकून जातो. मी ओरडलो तर मार्डेल हसली. "तू एकतीस वर्षं लोकांच्या दारात टाकलास तेव्हा?"

"मी रस्ता बघायचो. मागे काय पडतं ते बघत बसलो तर रस्ता कधी व्हायचा?"

"तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली. बटाटे तिचे, मला बंद आहेत. पण बटाटेही तिने अर्धेच खाल्ले. आज चौथा तुकडाही मला मिळाला. विचारलं होतं. नको म्हणाली. मग टोस्ट आणि कॉफी घेऊन बसली. तिला टोस्ट आवडतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. ५.

भांडी घासताना मार्डेलची लग्नाची अंगठी बोटातून निसटून सिंकच्या भोकात जात होती, ती वेळेवर पकडली. साबण फार वापरते. आतून दोरा गुंडाळून दिला. मी केलेलं काम बघून म्हणाली, "व्हॅलेंटाइनच्या दिवशी दुसऱ्यांदा अंगठी घालतोयस, काही बोल तरी." म्हटलं, आता घट्ट बसेल.

मा.चा तुकडा, २६.

शनिवार, २२ फेब्रुवारी. ११.

फार्गोहून जोलिन आली. दारातच आईला मिठी मारली आणि मागे सरकून बघत राहिली. "आई, केवढी बारीक झालीस गं!"

"तुझ्या बाबांशेजारी उभी राहिले की कुणीही बारीक दिसतं."

"मस्करी नको. खातेस ना नीट?"

"खाते की. तू बस, कॉफी घे."

खरं लिहायचं तर मला राग आला. मी एकेक ग्रॅम मोजतो, रोलकडे पाठ करून बसतो, तेव्हा कुठे आठवड्याला दोन पौंड हलतात. आणि मार्डेलला काही न करता कंबर दिसायला लागली. जोलिनने माझ्याकडे बघून म्हणायला हवं होतं, बाबा किती बारीक झाले. नऊ पौंड गेलेत, काही थट्टा नाही.

तिने प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणला होता. दुधात घालून प्यायलो. भिंतीचा चुना चाटल्यासारखं लागतं. डबा वरच्या फळीवर ठेवला.

सोमवार, ३ मार्च. ३६. बर्फ वितळतंय.

कियर्स्टनकडे दुसरी खेप. २७०. खुर्चीतून पाचदा उठलो, एकोणीस सेकंद. गुडघा कडाडला पण उठलो.

तिने वही चाळली. "सगळं संध्याकाळी का? एका जेवणात शंभर नको, मिस्टर नेसेट. तीनदा वाटून घ्या म्हटलं होतं. तुम्ही सगळी वाळू एकाच फेरीत टाकायचात का?" कुणीतरी तिला माझी नोकरी सांगितलेली दिसते.

मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे 'मा.चा तुकडा' म्हणजे काय?"

"माझी बायको, मार्डेल. तिला नको असतो."

"मग त्या काय खातात?"

"चिमणीएवढं. नेहमीच."

ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात पुढचा माणूस आला. येताना गाडीत आठवलं, अठ्ठ्याऐंशी साली तळ्यावर मार्डेलने चार वॉलआय मासे तळून एकटीने तीन संपवले होते आणि वर माझ्या ताटलीतल्या शेपटीवर डोळा होता. तेव्हा तरुण होती. वयाबरोबर भूक कमी होत असेल. माझी का होत नाही, देव जाणे.

बुधवार, १२ मार्च. ३१.

ईस्टरपर्यंत दर बुधवारी चर्चच्या तळघरात सूप असतं. आज वाटाण्याचं होतं. मार्डेलने पर्समधून माझ्यासाठी दोन उकडलेली अंडी आणली होती, सोलून, मीठ लावून. तळघरात सगळ्यांनी बघितलं. लाज वाटली, पण खाल्ली. बारा ग्रॅम.

शेवटी ट्रेमध्ये लिंबाची एक वडी उरली. नेहमीप्रमाणे कुणी घेईना. चर्चमधल्या लव्हॉनने अर्धी कापली, दुसरीने त्या अर्ध्याची अर्धी, मग आणखी एकीने. निघायच्या वेळी ट्रेमध्ये नखाएवढा तुकडा होता, तो मार्डेल झाकण लावून ठेवत होती. ड्युएन म्हणाला, "मार्डेल, खाऊन टाक ना, कुणी पोलिसात देणार नाही." म्हणाली, "कुणाला तरी लागेल."

एक गोष्ट पटली नाही. आमचा मोठा रोस्टर, सूप गरम ठेवायचं विजेचं भांडं, तिने ड्युएनला उचलायला लावला. दरवर्षी स्वतः उचलते. मी काठी घेऊन उभा, आणि माझ्या घरचं भांडं दुसऱ्याच्या हातात. पायऱ्या चढतानाही कठडा दोन्ही हातांनी धरून चढली. मी म्हटलं, माझं बघून नक्कल करू नकोस. हसली. घरी आल्यावर लोणच्याची बाटली मला उघडायला दिली.

गुरुवार, २० मार्च. १९. परत बर्फ.

२६६. आठ दिवसांत तसूभर हललो नाही. अठरा दिवस राहिले. चार पौंडांहून जास्त उतरायचे.

दिवसभर घरात येरझाऱ्या. बसलो की भूक लागते, उभा राहिलो की गुडघा. फ्रिज उघडला, बंद केला, उघडला. वर जाऊन झोपायचं, माणसासारखं गादीवर झोपायचं, एवढंच मागतोय मी. इतकं का जड जावं? मार्डेलवर ओरडलो. काय म्हणून ओरडलो ते लिहीत नाही. चूक तिची नव्हती, चिकन थोडं करपलं होतं इतकंच.

तिने स्वतःची ताटली उचलून माझ्यापुढे ठेवली. "घे बाबा. खा आणि बस एकदाचा. तू फिरतोस तर वाटतं घरातच फाळ लावलाय."

"तुला?"

"नको."

मा.चा तुकडा, २६. आणि तिचा दुसराही, २६.

गुरुवार, २७ मार्च. ३४.

काल चर्चमध्ये मार्डेल पडली.

सूप झालं, सगळे उठले. ती घडीच्या खुर्चीत बसून होती. मी कोट घालून म्हटलं, चल. उठायला गेली आणि परत बसली. परत प्रयत्न केला, परत बसली. हसली, म्हणाली, "खुर्चीने धरून ठेवलंय." लव्हॉनही हसली. मीही. तिसऱ्यांदा टेबलावर हात टेकून उठली, टेबल सरकलं आणि ती खाली. हातावर पडली. मनगट मोडलं.

मी काठी टाकून वाकलो, पण मला वाकता येत नाही. ड्युएनने उचललं तिला. उचलताना त्याच्या तोंडून निघालं, "अरे, हिच्यात काही उरलंच नाहीये." मला काय म्हणतोय तेच कळलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च.

तापमान बघितलं नाही.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. मग डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. गेल्या ऑक्टोबरात १३६ होती. आज १२१. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं पुढे करून म्हटलं, दाबा. मार्डेलने चांगल्या हाताने दाबली. "जोरात दाबा." म्हणाली, "जोरातच दाबतेय."

मग खुर्ची. तीच, पाचदा उठायची. मार्डेल एकदाही उठली नाही.

"या वयात असे पौंड जातात ते चरबीचे नसतात, मांस जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय उचलायला काही राहत नाही. दिवसभरात काय खाता?"

मार्डेलने माझ्याकडे बघितलं नाही. "टोस्ट. कॉफी. सूप असलं तर सूप."

"आणि मांस, अंडी?"

"हे खातात."

ही वही तेव्हा माझ्या शर्टच्या खिशात होती. बाहेर काढली असती तर त्यांना सगळं मिळालं असतं. काढली नाही.

रविवार, ३० मार्च.

प्रार्थनेला गेलो नाही. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वही पहिल्यापासून वाचली. जिथे जिथे 'मा.चा तुकडा' लिहिलंय तिथे पेन्सिलीने खूण केली. चाळीस खुणा. हजार चाळीस ग्रॅम. माझ्याच अक्षरात, माझ्याच बेरजेत, आणि मला दिसलं नाही.

मार्डेल समोर बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर. वही तिच्यापुढे सरकवली.

"मी दर वेळी विचारलं होतं," मी म्हणालो. आवाज चढला, थांबवता आला नाही. "दर वेळी. आणि तू नको म्हणालीस."

"म्हणाले."

"मग? हवं होतं तर हो म्हणायचं ना!"

"पहिल्यांदाच कोण हो म्हणतं, ऑरिन?" ती म्हणाली. "तू एकदाच विचारायचास."

वही बंद करून म्हणाली, "सुरुवातीला वाटायचं, परत विचारशील. मग भूकच गेली. आणि तू इतका भुकेला दिसायचास."

मी उठून गॅरेजमध्ये गेलो. खूप वेळ तिथेच उभा होतो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मंगळवार, १ एप्रिल. ३८.

वरच्या फळीवरचा पावडरीचा डबा खाली काढला. मार्डेलच्या ओटमीलमध्ये दोन चमचे. सकाळी अंडी दोघांना दोन-दोन. माझी घशाखाली उतरली. इतके दिवस का उतरत नव्हती?

चिकन मी केलं. बाहेरून काळं, आतून गुलाबी, परत टाकलं. चार तुकडे, दोन तिचे. एकावर थांबली. विचारलं. नको. परत विचारलं. नको रे. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, "बरं, अर्धा." चौथ्यांदा विचारलं तर काटा उगारला.

मा.: सकाळी २२, दुपारी १४, संध्याकाळी ३९.

सोमवार, ७ एप्रिल. ४१. रस्ते कोरडे.

२६१. खुर्चीतून पाचदा, चौदा सेकंद. कियर्स्टनने टाळ्या वाजवल्या. सर्जनच्या नर्सने फॉर्म काढला. "बावीस तारीख पक्की. घरी सहा आठवडे तुमचं बघायला कोण आहे?"

जानेवारीत हाच प्रश्न होता आणि मी न थांबता 'मार्डेल' म्हटलं होतं.

"जोलिन एक आठवडा येईल," मी म्हणालो. "पुढे कुणी नाही."

"आणि तुमच्या मिसेस?"

"तिचं मी बघतोय."

नर्सने पेन खाली ठेवलं. ऑगस्टमध्ये जागा निघेल म्हणाली. पण तेव्हा परत काटा, परत खुर्ची. मी म्हणालो, चालेल. खोटं कशाला लिहू, अजिबात चालत नव्हतं. गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर दोन बुक्क्या मारल्या आणि रडलो. जितकं तिच्यासाठी, तितकंच स्वतःसाठी.

घरी मार्डेलला सांगितलं तर खूप चिडली. "कुणी सांगितलं तुला? मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, जा, माझं भागेल."



बुधवार, ९ एप्रिल. ४४. ऊन.

मार्डेल सकाळी खाली आली नाही. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. वरून म्हणाली, "पाय लटपटतायत. थोड्या वेळाने येते. तू खाऊन घे."

परवाही असंच म्हणाली होती आणि दुपारी उतरली होती, सकाळचं खाणं बुडालं. मी तीन अंडी फेटली, चीज घातलं, तव्यावर शिजवून ताटलीत काढली, वर झाकण ठेवलं, वही आणि पेन्सिल शर्टच्या खिशात टाकली. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो, वर पाठ करून. उजवा पाय रेटायचा, ढुंगण एक पायरी वर सरकवायचं, मग ताटली एक पायरी वर ठेवायची. लहानपणी आमची जोलिन अशी चढायची. सहाव्या पायरीवर धाप लागली. नवव्या पायरीवर तोंडातून जे निघालं ते ऐकून वरून आवाज आला, "ऑरिन? काय करतोयस?"

"येतोय."

"कुठे येतोयस? वेडा झालास का?"

चौदावी. कठड्याला धरून उभा राहिलो, भिंतीला धरत खोलीत गेलो. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. माझ्या बाजूची चादर ताणून घातलेली, उशीला धुतलेला अभ्रा, रेघांचा, मला आवडतो तो. सात महिने तिथे कुणी झोपलेलं नाही, तो कशाला बदलत राहिली कोण जाणे.

मी माझ्या बाजूला बसलो आणि झाकण काढलं.

"गार झाली असतील," ती म्हणाली.

"झालीत. घे."

"नको, तू खा. एवढा चढून आलास."

"घे."

"नको रे, खरंच."

"मार्डेल, घे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग चांगल्या हाताने काटा घेतला आणि खायला लागली. सगळं खाल्लं. ताटलीत कोपऱ्यात एक घास उरला, तो तिने काट्याने अर्धा केला आणि थांबली. मी नुसता बसून राहिलो. तिने दोन्ही अर्धे खाल्ले.

मा.: सकाळी २३.

मी झोपून लिहितोय, माझ्या बाजूला. ती शेजारी डोळे मिटून पडली आहे. खाली कसं उतरायचं ते अजून ठरलेलं नाही.